जावयाच्या सुटाचा रंग

टेलरमास्तर आज होणाऱ्या जावयाच्या लग्नाच्या सुटाचं माप घेणार होते, आणि लेकीनं सकाळीच दम भरला होता, "बाबा, त्याच्यासमोर रंगाचा विषय काढायचा नाही. तुमच्या तोंडून भलतंच काही जाईल आणि माझं लग्न मोडेल."

मास्तरांची पंचाईत झाली. गिऱ्हाईक आलं की आधी "तुमच्या रंगाला हे खुलून दिसेल" म्हणायचं, मगच फीत उलगडायची, ही त्यांची उभ्या जन्माची रीत. त्यात जावई कृष्णवर्णीय. हा शब्दही मास्तरांचा नव्हे. ते नुसतं "काळा" म्हणाले, तेव्हा लेकीनं डोळे वटारून तो शिकवला होता. तेवढ्यात धाकटा कॉलेजातून आला.

"छे, ते जुनं झालं. आफ्रिकी वंशाचा म्हणायचं."

"अरे, त्याचे आजोबासुद्धा इथेच जन्मले!"

"मग रंगसंपन्न म्हणा."

"आणि आपण काय, धुऊन विटलेले?"

शेवटी मास्तरांनी तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं. आपली जीभ काय लायकीची आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? खबरदारी म्हणून काळ्या कापडाचे तागेही त्यांनी पलंगाखाली सारले.

जावई आला तो हसतच. मास्तरांनी नजर फितीवरून हलवली नाही.

"मला काळा सूट हवाय," तो म्हणाला.

मास्तरांच्या हातून फीत गळली. "म्हणजे... राखाडीच्या जरा पुढचा?"

"काळाच."

"तो संपलाय."

"पलंगाखाली दिसतोय की!"

मास्तरांनी तागा पायानं आत ढकलला आणि घाईघाईनं मापं घेतली. छातीचा आकडा कमरेला लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला. बोलणं नाही, बघणं नाही. बायको आतल्या दारातून "अहो, बोला काहीतरी" अशा खुणा करत होती, पण मास्तर मूग गिळून गप्प.

जावयाचा चेहरा उतरला. "तुम्हाला हे लग्न नको असेल तर स्पष्ट सांगा," तो हळूच म्हणाला. "मी तिची समजूत घालीन."

लग्न मोडू नये म्हणून जीभ आवरली, तर तेवढ्यानंच ते मोडायला निघालं होतं. ते मटकन स्टुलावर बसले.

"अहो, नको कसं? तुम्हाला म्हणायचं काय, तेच आमच्यात ठरेना. म्हणून गप्प बसलो. चूक माझी. जग सुधारलं, मी आपला उसवलेलाच राहिलो."

जावई खो खो हसत सुटला. "आमच्याही घरी परवापासून हाच खल चाललाय, तुम्हा लोकांना काय म्हणायचं! शेवटी आई म्हणाली, टेलरमास्तर म्हणा. त्याचा कुणाला राग येत नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि जीभ मोकळी झाली. त्यांनी त्याला आरशासमोर उभं केलं, प्रथमच डोळे भरून पाहिलं आणि खांद्यावर मोतिया कापड टाकलं.

"काळं विसरा. तुमच्या रंगावर हे काय उठून दिसतंय बघा!"

"छान आहे. पण मला काळाच हवा."

"शोभणार नाही म्हणतो ना!"

"सूट माझा आहे!"

"पण डोळे माझे आहेत!"

आवाज ऐकून लेक धावत आली. "बाबा! काय बोललात त्याला?"

"तूच सांग यांना," जावई तणतणला. "गिऱ्हाईकाची आवड बघायची की नाही?"

"गिऱ्हाईक असतास, तर मुकाट्यानं काळा शिवला असता," मास्तर म्हणाले. "जावई आहेस, गप्प उभा राहा." आणि त्यांनी मोतिया कापडावर खडूची रेघ ओढली.