फुल की हाफ

२०१८ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोशीच्या गवराबाईंच्या मुलाचं, ज्ञानेशचं, लग्न रहाटणीच्या तनुजाशी ठरलं होतं आणि रविवारी साखरपुडा होता. गवराबाईंच्या स्वतःच्या साखरपुड्यात एक लुगडं, नारळ आणि कागदात बांधलेली साखर एवढ्यावर काम भागलं होतं. अंगठी तेव्हा गावात पुरुषांनी घालायची, तीही ज्याच्या दावणीला दोन बैल असतील त्याने. आता गुरुवारी, कंपनीची सुट्टी साधून, दोन्ही आया आणि पोरं अशी चौघं सराफाच्या गार दुकानात बसली होती. जिथे काचेचं काउंटर होतं, तिथे गवराबाईंनी लहानपणी हरभरा उपटला होता.

ज्ञानेश चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. त्याने खिशातून व्हर्नियर काढून अंगठीची जाडी मोजली आणि विक्रेत्या सनीला विचारलं, "यात रिजेक्शन किती टक्के येतं?"

"सर, दागिना आहे हा, बेअरिंग नाही," सनी म्हणाला आणि त्याने ट्रेमधून दोन अंगठ्या पुढे सरकवल्या. दोन्हींवर बारीक हिऱ्यांची ओळ. "ही फुल. गोल फिरून सगळीकडे हिरे. दिसायला एक नंबर, पण पुढे लहानमोठी करता येत नाही. ही हाफ. वर हिरे, खाली साधी पट्टी."

तनुजाला दोन्ही आवडल्या. "तुम्ही दोघी आयांनी ठरवा," ती म्हणाली आणि ज्ञानेशची अंगठी बघायला त्याच्याबरोबर पलीकडच्या काउंटरला गेली. सनी चहा सांगायला उठला. तनुजाच्या आई, विमलबाई, पिशवीत चष्मा शोधत होत्या.

गवराबाईंनी आजूबाजूला पाहिलं. हिरा आयुष्यात बोटात घातला नव्हता. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणून त्यांनी फुल बोटात सरकवली. धारा काढून आणि खुरपून जाड झालेल्या पेरावरून ती कशीबशी आत गेली आणि तिथेच बसली. गवराबाईंनी पाठ फिरवून ओढली, पिरगाळली, थुंकी लावून पाहिली. अंगठी हलेना. त्यांना घाम फुटला. सून अजून उंबऱ्याच्या आत आली नाही आणि सासूने तिच्या अंगठीवर डोळा ठेवला, असं रहाटणीपासून मोशीपर्यंत बोललं जाणार होतं. त्यांनी हात पदराखाली घेतला.

तेवढ्यात चहा आला, पोरंही आली. "काय ठरलं?" तनुजाने विचारलं.

फुल कुणी मागायलाच नको, एवढंच गवराबाईंच्या डोक्यात होतं. "हाफच घे बाय. फुल काय कामाची न्हाई. पीठ मळताना हिऱ्यात कणीक बसंल."

"फुलच घ्यायची," विमलबाई म्हणाल्या. डाव्या हातातला चहा बशीत सांडला. "कामून हाफ? आमची लेक काय अर्धी हाय?"

"तसं न्हाई वो विहीणबाई. उद्या बोट जाड झालं तर?"

"तुमच्या घरी जाऊन कामून जाड होतंय? खायला घालणार हाव का नाही तेच कळना आता."

"आई, पैशाचा प्रश्न नाहीये," ज्ञानेश हळूच म्हणाला.

"मंग कशाचा हाय ते सांगा की त्यांनी," विमलबाई म्हणाल्या. "हाफ आमच्या दारात येणार नाही. चल गं तनुजा."

तनुजाचा चेहरा उतरला. "राहू द्या. अंगठीच नको," ती म्हणाली. मग खाली बघत, "आणि रविवारचंही बघा काय करायचं ते."

"एक मिनिट," सनी म्हणाला. "जाण्याआधी ट्रे बघतो." त्याने पाहिला, पुन्हा पाहिला. "दोन पीस कमी आहेत."

गवराबाई चकित झाल्या. त्यांनी तर एकच लपवली होती. पण तनुजा पर्स उचलून दाराकडे निघाली होती, आणि आता हिशेब सरळ होता: इज्जत ठेवावी की पोराचं लग्न. त्यांनी हात बाहेर काढून काउंटरवर ठेवला. बोट वांग्यासारखं सुजलं होतं.

"म्या घातली. बघायला म्हनून. निघंना. म्हनून फुल नको म्हनत हुते."

ज्ञानेशने कपाळाला हात लावला. तनुजा दारातून परत आली, पण हसावं की काय करावं हे तिला ठरवता येईना.

"ठीक आहे मावशी, साबणाने निघेल," सनी म्हणाला. "पण मग हाफ कुठंय?"

सगळ्यांनी जमीन पाहिली, ट्रेखाली पाहिलं. विमलबाईंनी डाव्या हाताने चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवून त्यांनी उजवा हात पदराखालून हळूहळू बाहेर काढला.

"ह्या पाठ फिरवून बसल्या," त्या म्हणाल्या, "म्हणून म्हटलं आपण बी बघावी."

साबणाच्या पाण्याने फुल सुटली. हाफ मात्र सुटेना. तनुजाने बोटाला दोरा गुंडाळून पाहिला, ज्ञानेशने माप घेऊन पाहिलं, विमलबाईंनी सगळ्या देवांची नावं घेतली. शेवटी सनीने खालची साधी पट्टी कापली. "हाफ होती म्हणून कापता आली," तो म्हणाला. कापलेली अंगठी दुकान परत घेणार नव्हतं. तीच जोडून तनुजाच्या मापाची केली आणि रविवारी तिच्या बोटात गेली.

ज्ञानेश आता दुसऱ्या कंपनीत क्वालिटीचा साहेब आहे. सनीने राजगुरुनगरला स्वतःचं छोटं दुकान काढलं. तिथे विहिणी आल्या की तो उठून चहा सांगायला जात नाही. विमलबाई हा किस्सा प्रत्येक लग्नात रंगवून सांगतात आणि त्यात बोट फक्त गवराबाईंचं असतं. तनुजाही कंपनीत नोकरी करते. मशीनवर अंगठी चालत नाही, म्हणून शिफ्टला जाताना ती काढून फ्रिजवरच्या डबीत ठेवते.

गवराबाई सत्तरीच्या झाल्या. दुपारी घर रिकामं झालं की त्या डबी उघडतात, अंगठी करंगळीच्या पहिल्या पेरापर्यंत घालतात आणि खिडकीत उजेडाला धरून बघतात. तनुजाला ते माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी घरी असली, तरी दुपारी ती अंगठी काढून डबीत ठेवते आणि झोपल्यासारखं करते.