पप्पूचा पहिला नंबर

माझा बेत इतका पक्का होता की त्यात खोट निघणं शक्यच नव्हतं. एकटीनं बीडला जायचं, तोंड झाकून स्टेजवर चढायचं, एकच वाक्य बोलायचं आणि कुणाला काही कळायच्या आत परत नांदूरघाटला येऊन जेवायला बसायचं. बस्स!

एका वाक्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. केजच्या कॉलेजात मी रोज जाते, हजेरीला रोज 'हजर' म्हणते, पण तो शब्द सरांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत विरून जातो. त्यामुळे मी पहिल्या बाकावर बसून गैरहजर असते. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. माळावर मेंढरांमागं मात्र आवाज खणखणीत निघतो, कारण तिथं माणसं नसतात.

असं असताना मला मोबाईलवर एक जपानी ॲनिमे मालिका सापडली. तिच्यात त्सुनोका नावाची एक शिंगवाली मेंढपाळीण आहे. तोंडावर मुखवटा, अंगावर लोकरीची झूल, हातात काठी. शत्रूची फौज समोर आली की ती डोंगरावर उभी राहून एवढंच म्हणते, "हा डोंगर माझा आहे. इथं वाराही मला विचारून वाहतो." ते ऐकून फौज मागं फिरते. मी सरांना 'हजर' ऐकवू शकत नाही आणि ही बया वाऱ्याला दम देते! मी तिच्या प्रेमातच पडले.

आणि मग कळलं की बीडला एका मंगल कार्यालयात ॲनिमेवेड्यांचं संमेलन आहे. आवडत्या पात्राचा पोशाख करून यायचं, स्टेजवर त्या पात्राचं एक वाक्य म्हणायचं. ओळखीचं कुणी नसणार आणि तोंडावर मुखवटा असणार. जन्मात एकदा लोकांसमोर एक वाक्य बोलायचं तर याहून बरी जागा कुठली?

कागदाचा लगदा आणि डिंक घेऊन मी शिंगं केली, पुठ्ठ्याचा मुखवटा केला. झूल मात्र आण्णांकडे मागावी लागली. आमचे आण्णा, म्हणजे आसाराम, पिढीजात मेंढपाळ. 'पोरीनं शिकावं, काठी धरू नये' हा त्यांचा हट्ट.

"आण्णा, तुमची जुनी घोंगडी पाहिजे. बीडला स्पर्धा आहे. मेंढपाळाच्या पोशाखात जायचंय."

आण्णा माझ्याकडं बघतच राहिले.

"घोंगडी घालून? समद्या लोकांम्होरं?"

"हो."

"तुला लाज न्हाई वाटायची?"

"नाही," मी म्हणाले. जपानचं सगळं त्यांना समजावून सांगायचं म्हणजे बरंच बोलावं लागलं असतं, म्हणून तेवढ्यावरच थांबले. माझी सगळी संकटं अशी वाक्यं वाचवण्यातून येतात.

आण्णांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि आत जाऊन मायला सांगितलं, "कडूबाई, आपली धनी मेंढपाळाच्या स्पर्धेला चालली." धनी म्हणजे मी.

बीडला जायला वाहेदचाचांचा पिकअप ठरला. चाचांचा फळांचा धंदा. ते रिकामे कॅरेट घेऊन बीडच्या मार्केटला निघाले होते. सकाळी मी पुढं त्यांच्या शेजारी बसले. आण्णा मागं ताडपत्री आवळत होते. मला वाटलं, मदत करतायत.

मांजरसुंब्याला चाचा चहाला थांबले. इथंच पोशाख चढवू, असं ठरवून मी पिकअपच्या आडोशाला घोंगडी पांघरली, शिंगं बसवली, मुखवटा बांधला आणि घसा साफ करून हळूच म्हणून पाहिलं, "हा डोंगर माझा आहे..."

"बँऽऽऽ!" ताडपत्रीतून उत्तर आलं.

मी ताडपत्री उचलली. कॅरेटच्या मधोमध पप्पू उभा! पप्पू म्हणजे आमचा मेंढा. त्याची आई मेली तेव्हा मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. अंघोळ घातलेली, पाठीवर गुलाबी रंगाचा पट्टा, शिंगांना तेल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर कुंकू. साक्षात नवरदेव!

"चाचा, हा इथं कसा?"

"मला कशाला पुसती बेटा? तुज्या बापानं चढवलाय," चाचा बशीत चहा ओतत म्हणाले. "म्हणला, पोरगी लाजाळू हाय, आदी सांगितलं तर नगं म्हणंल."

मी आण्णांना फोन लावला.

"दिसला का?" आण्णा खुशीत होते. "पहाटंपून धुतोय त्याला."

"आण्णा, पण मेंढा कशाला?"

"आता गं! जनावराबिगर मेंढपाळ म्हणून कोण मानंल तुला? पंच पयलं जनावर बगत्यात, मग माणूस. माज्या जल्मात आपल्याला कुणी असं स्टेजवर बोलवलं न्हाई, धने. त्याला नीट उभा कर, मान वर धर. काय गं, रंग आवडला न्हाई का?"

काय सांगणार? "आवडला," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

चाचांना मार्केट गाठायचं होतं. त्यांनी मला आणि पप्पूला मंगल कार्यालयाच्या दारात उतरवलं, "सांजच्याला येतो," म्हणाले आणि गेले.

दारात नोंदणीला समिना नावाची, गुलाबी केसांची मुलगी बसली होती. तिनं आधी मला पाहिलं, मग पप्पूला पाहिलं आणि डोळे विस्फारले.

"सोबतीचा प्राणी? पात्राबरोबरच आहे ना?"

नाही म्हणायचं तर पुढं खुलासा करावा लागला असता. मी मान डोलावली. तिनं पप्पूच्या गळ्यातही एक बिल्ला अडकवला.

आत गेल्यावर तर गर्दीच लोटली. निळ्या केसांचे योद्धे, पंखवाल्या पऱ्या, लाकडी तलवारी. आणि सगळे पप्पूभोवती! एकानं लोकर ओढून पाहिली. "काय फिनिशिंग हाय बे! आत किती जण हायत?" पप्पूनं त्याच्या बुटाजवळ लेंड्या टाकल्या, तेव्हा त्याला आकडा कळला.

मी अंग चोरून एका खुर्चीवर बसले आणि माझं वाक्य घोकू लागले. इतकी तल्लीन झाले की दोर कधी सैल पडला ते समजलंच नाही. शेजारच्या खुर्चीवर जाकीर नावाच्या एका जादूगारानं आपला हिरवागार केसांचा टोप काढून ठेवला होता. आमच्याकडं एवढं हिरवं एकच असतं, ते म्हणजे जनावरांचा लसूणघास. पप्पूनं कुणाची वाट पाहिली नाही.

"अरे माझे केस खातोय!" जाकीर ओरडला.

मी पप्पूच्या तोंडातून निम्मा टोप ओढून काढला. मला माफी मागायची होती. ओठ हलले, आवाज नाही. मी हात जोडले. जाकीर बिचारा चांगला मुलगा. उरलेला टोप डोक्यावर ठेवून म्हणाला, "असू द्या. लढाईत जखमी झालो म्हणतो."

तेवढ्यात पुकारा झाला. माझ्या आधी सत्यम नावाचा धिप्पाड मुलगा होता, राक्षसांचा सम्राट झालेला. डोक्यावर प्लॅस्टिकच्या पाइपाची ही एवढी शिंगं! त्यानं गर्जना केली, टाळ्या झाल्या. मी आणि पप्पू स्टेजच्या कडेला तयार उभे होतो. सम्राट जाता जाता आमच्याकडं वळला आणि पुढच्या कलाकाराचा मान म्हणून कमरेत वाकला. शिंगं खाली घालून! पप्पूच्या समोर!

मेंढ्यापुढं शिंगं खाली घालायची नसतात, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही माहीत असतं. बीडच्या सम्राटाला ते कोण सांगणार?

पप्पूनं दोराला हिसका दिला आणि चार पावलं मागं सरकला.

"घाबरला बिचारा!" निवेदक माईकवर म्हणाला. सगळा हॉल हसला. मी मात्र हसले नाही. मेंढा मागं सरतो तो पळायला नाही. सम्राट अजून वाकलेलाच होता. पप्पूनं मान खाली घातली आणि सुटला.

त्या क्षणी मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मुखवटा ओरबाडून फेकला एवढं खरं.

"पप्प्याऽऽऽ! थांब मुडद्या! शिंगं मोडीन! हिकडं ये! हिकडंऽऽ! ट्रर्रर्र हाऽऽ!"

माईकची गरजच पडली नाही. मंडपातली कबुतरं उडाली. सम्राट मटकन खाली बसला आणि पप्पू त्याच्या नाकापुढं येऊन थबकला. मग गपगुमान माघारी फिरला आणि माझ्या घोंगडीत तोंड खुपसून उभा राहिला.

आणि हॉलमध्ये टाळ्यांचा पाऊस! लोक उभे राहिले. त्यांना वाटलं, हे सगळं बसवलेलं होतं.

निवेदकानं माझ्यापुढं माईक धरला. "वा! आता त्सुनोकाचं वाक्य होऊन जाऊ द्या."

मुखवटा खाली पडलेला. समोर सगळी माणसंच माणसं. डोंगर गेला, वारा गेला, सगळं गेलं. माझी जीभ टाळूला चिकटली. निवेदक वाट पाहून दमला आणि त्यानं माईक जरा खाली नेला.

"बँऽऽऽ," पप्पू म्हणाला.

सगळा हॉल हसून लोटपोट झाला. आणि खरं सांगते, मलाही हसू फुटलं. पोट धरून हसले. हसता हसता छातीतली धडधड कुठं गेली कळलंच नाही, आणि मी माईक हातात घेऊन म्हणाले, "ह्याला जरा पाणी मिळेल का?"

साधंच वाक्य. पण शेवटच्या रांगेतला मुलगा बादली घेऊन उठला. त्याला ऐकू गेलं होतं! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी निकाल लागला. सर्वोत्कृष्ट पोशाख, पहिला क्रमांक: पप्पू! परीक्षक म्हणाले, शिंगं, लोकर, डोळे, चाल, सगळं अस्सल वाटतं. माझ्याबद्दलही त्यांनी एक वाक्य सांगितलं. म्हणाले, मुलीची मेहनत चांगली आहे, फक्त घोंगडी जरा नकली वाटते.

घरी आल्यावर आण्णांनी पदक हातात घेतलं.

"पयला?"

"पहिला."

"म्हणलोतो न्हवं? पंच पयलं जनावरच बगत्यात." त्यांनी पदक पप्पूच्या गळ्यात घातलं आणि बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. ही स्पर्धा कसली होती हे मी त्यांना सांगणारच होते. पण त्यांनी पुढच्या वर्षीसाठी आतापासूनच पप्पूचा खुराक वाढवलाय. आता कसं सांगू?

दोनच दिवसांत गावात फ्लेक्स लागला. 'नांदूरघाटचा पठ्ठ्या पप्पू याचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात सगळ्यात मोठा फोटो वाहेदचाचांचा. मीही आहे त्यात. पप्पूच्या दोराला धरलेला जो हात दिसतो ना, तो माझा.

सोमवारी मी कॉलेजला गेले. सरांनी माझा नंबर पुकारला. मी श्वास घेतला, मान वर केली आणि म्हणाले, "हजर!"

आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. सरांनी चष्मा खाली ओढून मला न्याहाळलं.

"अरे वा, तू या वर्गात असतेस होय! त्या व्हिडिओतली पप्पूवाली ना तू?" सर खूश होऊन म्हणाले. "बरं, तो कसा आहे?"

मी म्हणाले, बरा आहे. सरांनी हजेरी लावली. कुणाची, ते मी विचारलं नाही.