पाष्टे सरांची पाच वाजताची शंका

पाष्टे सर दिवसभर गप्प असतात आणि संध्याकाळी पाच वाजले की त्यांना शंका येते.

दिवसभर म्हणजे प्रशिक्षणाच्या दिवशी. दर मे महिन्यात आम्हा माध्यमिक शिक्षकांना रत्नागिरीत आठवडाभर गोळा करतात आणि भूमिती नव्या तंत्रज्ञानाने कशी शिकवावी ते शिकवतात. कोकणातल्या माणसाला मे महिना म्हणजे काय, हे या तारखा ठरवणाऱ्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नाही. घरी मुंबईचे चाकरमानी उतरलेले असतात, बागेत आंबा पडत असतो, न्हाणीसमोर रांग लागलेली असते, आणि घरचा कर्ता माणूस पत्र्याच्या सभागृहात घाम पुसत पावसाची टाळी आणि रॉकेटची टाळी शिकत असतो. या टाळ्यांचा भूमितीशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यामुळे पाचच्या सुमाराला सगळ्यांच्या पिशव्या खांद्यावर असतात. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ मॅडम रीत म्हणून विचारतात, कुणाला काही शंका? मग शेवटच्या बाकावरून एक हात वर जातो. आमच्याच शाळेत गणित शिकवणारे, भाट्याचे पाष्टे सर उठतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "शंका लहानच आहे."

शंका कधीच लहान नसते. एकदा त्यांनी विचारलं, बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, तर या डिजिटल फळ्यावर बोट लावल्यावर तो सरकतो कसा? मॅडमनी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी त्यांना समांतर रेषांची काळजी लागली. रेषा अनंतापर्यंत जातात, हे मान्य. पण मध्येच वीज गेली तर त्या कुठपर्यंत गेल्या असं धरायचं? तिसऱ्या दिवशी आमच्या दमट हवेत लाकडी गुण्या फुगतो, तेव्हा त्याचा काटकोन काटकोनच राहतो का, यावर साडेपाच वाजले. मागे बसलेल्या एका बाईंनी सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. सरांनी तो मन लावून ऐकला आणि उपप्रश्न विचारला.

एरवीही माणूस सरळ नाही. भूमितीत प्रमेय मांडताना आधी पक्ष लिहायचा, मग साध्य, मग सिद्धता. सर बाजारातही तसंच बोलतात. "पक्ष, सुरमई ताजी आहे. साध्य, ती आजचीच आहे. चला, सिद्धता द्या," असं ते मासळीवालीला म्हणतात. ती त्यांना माशाचे कल्ले उघडून दाखवते आणि दोन शिव्याही देते. सरांच्या मते ही सिद्धता बहुतेक पुस्तकांपेक्षा बरी आहे.

यंदाच्या प्रशिक्षणात कहर झाला. जुन्या डिजिटल फळ्याच्या जागी नवा आला होता, पण त्याचा पासवर्ड ज्या लिपिकाला ठाऊक होता तो जयगडला लग्नाला गेलेला. दोन दिवस आम्ही बंद फळ्याला नमस्कार करून त्याची चित्रं पाहिली. तिसऱ्या दिवशी फळा लागला आणि मॅडमनी पडद्यावरच्या त्रिकोणाचं टोक ओढून दाखवलं. कसाही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशीच. मॅडम म्हणाल्या, आता सिद्धतेची गरजच नाही, मुलांनी फक्त अनुभवायचं. आम्ही रॉकेटची टाळी वाजवली. मी सरांकडे पाहिलं, कारण सिद्धता नको म्हणणाऱ्या माणसाशी ते आठवडाभर भांडले असते. ते खुशीत होते. पाच वाजेपर्यंत पुरेल एवढा दारूगोळा त्यांना मिळाला होता.

शेवटच्या दिवशी समारोपाला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी आनंदाची बातमी दिली, की पुढल्या वर्षापासून हे सगळं ऑनलाइन होणार, घरबसल्या, मोबाइलवर. त्या आठवड्यात शिकलेल्या सगळ्या टाळ्या एकाच वेळी वाजल्या. मी तर उभा राहून वाजवल्या. मग मॅडमनी कुणाला शंका आहे का विचारलं आणि सगळे माना वळवून मागे पाहू लागले. पाष्टे सरांचा हात वर गेला नाही. त्यांची मान खाली होती आणि ते शिपायाबरोबर खुर्च्या आवरायला लागले.

मला ते बरं वाटलं नाही. मी पावस गावच्या रस्त्याला राहतो, भाट्ये वाटेतच. म्हटलं, चला, स्कूटरवरून सोडतो. खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही भाट्यात शिरलो.

त्यांच्या आळीत प्रत्येक अंगणात मुंबईच्या नंबरची गाडी होती. पोरं ओरडत होती, कुठे फणस फोडला होता, कुठे पत्ते रंगले होते. सरांच्या दाराला मात्र कुलूप. अंगण एवढं झाडलेलं, की त्यावर एकही पाऊल उमटलेलं दिसत नव्हतं. सरांनी किल्ली काढली आणि हातातच धरली.

"मुलगा येत नाही?" मी विचारलं.

"पूर्वी यायचा. ही गेली तेव्हापासून कमी केलंन्. यंदा नातवाला उन्हाळी वर्गाला घातलंन्. रोबो करायला शिकवतात म्हणे."

मी बोलायचं म्हणून बोललो, की बरं झालं, पुढच्या वर्षी तुम्हालाही ही पायपीट नको, घरी बसून प्रशिक्षण.

"घरी बसायला लागू नये म्हणून तर येतो मी," सर म्हणाले. "बाकीचे महिने काही वाटत नाही हो. आमच्याकडे सगळ्यांचीच घरं रिकामी. कोण मुंबईला, कोण बोटीवर. मे महिन्यात मात्र आमचंच तेवढं रिकामं दिसतं."

मी बाजूला जाऊन बायकोला फोन केला, की सरांना जेवायला आणतोय. ती म्हणाली, घरात पाहुणे किती आहेत हे मलाच धड माहीत नाही, एक वाढला तर कुणाला कळणार आहे?

सर नको नको म्हणत आले. आमच्याकडे कुणी त्यांची विचारपूसही केली नाही. एका वहिनींनी नारळ सोलायला दिला, माझ्या मेव्हण्याने राजकारणावरून वाद घातला, चिल्लीपिल्ली अंगावर चढली. सर पंगतीत बसून भरपूर जेवले आणि वहिनींच्या आग्रहाला एकदाही नाही म्हणाले नाहीत.

निघताना ते पायरीवर चपला घालत होते. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी विचारतात तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उद्या कितीला यायचं?"

मग त्यांच्याच ध्यानात आलं. ते ओशाळले आणि चपलेचा अंगठा चाचपू लागले.

माझी बायको दारात उभी होती. "नऊला या," ती म्हणाली. "फणस फोडायचाय. आणि येताना कोयता आणा, आमच्याकडचा बोथट झालाय."

"साडेआठलाच येतो," पाष्टे सर म्हणाले.