परस्पर दिलेलं तिकीट

"वस्तू फुकट द्यायला काय अक्कल लागते? हा गेलो आणि हा आलो!"

असं छातीठोकपणे सांगून आबा गाडीतून उतरले. खरं तर छाती ठोकणं हा आबांचा प्रांतच नव्हे. उभा जन्म त्यांनी एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढला होता. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मध्ये निदान एखादं कपाट तरी हवं, असं त्यांना अजूनही वाटे.

त्याचं झालं असं, की आजींचे डोळे तपासायचे होते. डोळ्यांच्या दवाखान्यात एकदा बसलं की माणसाला बाकावरच मुळं फुटतात, हा आजवरचा अनुभव. म्हणून सकाळीच आबांनी पार्किंगच्या यंत्रातून संध्याकाळपर्यंतचं तिकीट काढलं आणि गाडीच्या काचेला आतून लावलं. पण त्या दिवशी डॉक्टरांना कसली घाई होती कोण जाणे! त्यांनी आजींच्या डोळ्यांत थेंब टाकले, दिवा मारून पाहिलं, "उत्तम!" म्हणाले आणि भर दुपारीच दोघांना वाटेला लावलं. एरवी आबांना बरंच वाटलं असतं, कारण चार वाजता नातीचं शाळेत नाटक होतं.

नात नाटकात झाड झाली होती. झाडाला एकच वाक्य होतं: "माझी सावली सगळ्यांची आहे, बसा कुणीही!" पण नात पडली आबांच्या वळणावर. चार माणसं समोर दिसली की जीभ टाळ्याला! "आबा, तू पहिल्या रांगेत बस हं," तिने बजावलं होतं. "मी विसरले तर नुसते ओठ हलव." आजींना थेंबांमुळे स्वतःचा हातसुद्धा धूसर दिसत होता. म्हणजे झाडाची सगळी भिस्त आबांच्या ओठांवर.

निघता निघता आबांची नजर तिकिटावर गेली. अख्खी दुपार शिल्लक! आणि बाहेर जागेसाठी गाड्या घिरट्या घालत होत्या.

"कुणाला तरी देऊन टाकू या," आबा म्हणाले.

"तुम्ही?" काळ्या चष्म्याआडून आजींनी विचारलं. "उभ्या आयुष्यात वाचनालयात पाटी कुणी लावली होती? 'पुस्तक परस्पर दुसऱ्यास देऊ नये. दिल्यास दंड, ज्याच्या नावावर पुस्तक त्याने भरावा.' माझ्या सख्ख्या बहिणीला दंड लावलात!"

"पुस्तक वेगळं, तिकीट वेगळं. पुस्तक वाचनालयाचं असतं. ही जागा संध्याकाळपर्यंत आपली आहे."

"आपण बसणार असलो तर आपली. मध्यंतरात उठून गेलात तर नाटकातली खुर्ची परस्पर दुसऱ्याला देता का?"

आबा अडकले. त्यांनी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या आणि दोन्ही त्यांना पटल्या.

"अहो, द्यायचं तर देऊन टाका एकदाचं! झाड खोळंबलंय!" आजी म्हणाल्या. तेव्हा कुठे आबांना चेव आला, त्यांनी काचेवरचं तिकीट सोडवून हातात घेतलं आणि ते सुरुवातीचं वाक्य टाकलं.

पहिलीच गाडी लाल होती. आत एक तरुणी. आबांनी काचेवर टकटक केली आणि ते हसले. एरवी ओळखीच्या माणसाकडे बघून आबा गोड हसतात, पण अनोळखी माणसासमोर त्यांचं हसू दाढ दुखणाऱ्यासारखं होतं. तरुणीने हसू पाहिलं, हातातला कागद पाहिला आणि खटाखट दारं आतून लॉक केली.

"मला काही घ्यायचं नाही!"

"अहो, पण मी विकत नाहीये..."

"मग तर मुळीच नाही!"

लाल गाडी पळाली. आबांचे कान तिच्याहून लाल झाले. परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं, पण आपल्या गाडीतून आजी (दिसत काही नसूनही) त्यांच्याकडेच बघत होत्या!

दुसऱ्या गाडीत झुबकेदार मिशांचे एक गृहस्थ होते. त्यांनी काच खाली केली.

"हे तिकीट उरलंय. घ्या. फुकट," आबा एका दमात म्हणाले.

"फुकट? का?"

"अहो, उरलंय म्हणून."

"तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारी माणसंच महाग पडतात." मिशीवाल्यांनी तिकीट उजेडात धरून, एक्स-रेमध्ये तुटलेलं हाड शोधावं तसं न्याहाळलं. "खरं दिसतंय. आणखी आहेत?"

"एकच आहे हो!"

"सगळे आधी असंच म्हणतात. बरं, तुमची गाडी कुठली? ती निळी? मग मी तिच्या मागेच लावून ठेवतो. म्हणजे तुम्ही निघालात की दुसरा कुणी घुसायला नको!"

त्यांनी तिकीट आपल्या काचेला लावलं आणि गाडी आणून आबांच्या गाडीमागे आडवी उभी केली. काम फत्ते! आबांचा ऊर भरून आला. पण तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, मलाही एक द्या!"

आबा वळले, तर चार-पाच जण उभे! पार्किंगमध्ये कुणीतरी म्हातारा तिकिटं वाटतोय, ही बातमी त्यांच्या आधी सगळीकडे पोचली होती.

"मी आधी आलोय!"

"अहो, माझी सासू गाडीत बसलीये, मला आधी द्या!"

"सासू आहे म्हणून आधी? मग मी दोन सासवा आणतो!"

ढकलाढकली सुरू झाली. आणि आबांच्या आत इतकी वर्षं झोपलेला ग्रंथपाल खडबडून जागा झाला. "शांतता राखा!" आबा गरजले. "एका रांगेत उभे राहा! गडबड करणाऱ्याला काही मिळणार नाही!"

झालं! सगळे मुकाट रांगेत उभे राहिले. इतका अधिकाराचा आवाज म्हणजे माणूस सरकारीच असणार! एकाने गाडी कुठे लावू विचारलं, दुसऱ्याने जागा अपुरी असल्याची तक्रार केली, तिसऱ्याने हातात पैसेच कोंबले. आबा ते परत करताहेत, तो घेत नाही, अशी झोंबाझोंबी चालू असतानाच शिट्टी वाजली. पार्किंगवाला!

"काय चाललंय? माझ्या पार्किंगमध्ये दुकान?"

"दुकान नाही हो, मी फक्त उरलेलं तिकीट..."

"तिकीट? दाखवा तुमचं."

आबांनी निळ्या गाडीच्या काचेकडे बोट दाखवलं. काच अगदी स्वच्छ होती.

"माझं तिकीट त्या गाडीवर आहे," आबा पुटपुटले.

"ती गाडी तुमची?"

"नाही. तिकीट माझं."

पार्किंगवाल्याने आबांकडे, आजींच्या काळ्या चष्म्याकडे, मग पुन्हा आबांकडे पाहिलं आणि दंडाची पावती फाडायला घेतली. रांग क्षणात पांगली. सासूवालासुद्धा गेला.

"दंड भरतो, पण मला जाऊ द्या! चार वाजता झाड आहे... म्हणजे नात आहे! ही मागची गाडी आधी काढा!"

"ती कशी काढू? त्यांच्या काचेवर तिकीट आहे. संध्याकाळपर्यंतचं!"

"अहो, पण आडवी लावलीये!"

"गाडी आडवी असेल, तिकीट सरळ आहे. मालकाला बोलवा."

मालक कुठे? रांगेच्या धांदलीत दवाखान्यातून मिशीवाल्यांना हाक आली होती आणि ते गाडी तशीच टाकून धावले होते. आबाही मागोमाग धावले. दारातल्या नर्सने हात आडवा केला.

"त्यांना शस्त्रक्रियेला आत घेतलंय."

"नुसती किल्ली हवी होती!"

"किल्ली खिशात, खिसा आत. तुम्ही बाहेर बसा."

आबा परतले ते रडायच्या बेतात. "आता काय करायचं गं?"

"आता माझा हात धरा आणि टॅक्सी शोधा," आजी म्हणाल्या. "परोपकार झाला असेल तर!"

टॅक्सीतून उतरून, आजींना जवळजवळ खेचत आबा शाळेच्या सभागृहात शिरले, तेव्हा नाटक ऐन रंगात होतं. पहिली रांग गच्च भरलेली. मागे भिंतीला टेकून पालक उभे. आणि रंगमंचावर एक छोटं हिरवं झाड पहिल्या रांगेत कुणाला तरी शोधत होतं. समोर थकलेला वाटसरू उभा होता. त्याने आपलं वाक्य एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं. झाड गप्प. झाडाचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"काय झालं? का थांबलेत सगळे?" आजींनी कुजबुजत विचारलं.

इतक्या लांबून ओठ हलवून काय दिसणार? आबांनी डोळे गच्च मिटले आणि पार्किंगमधला तोच आवाज पुन्हा बाहेर काढला.

"माझी सावली सगळ्यांची आहे, बसा कुणीही!"

सभागृह दचकलं. भिंतीला टेकलेले दोन पालक तर मुकाट्याने जमिनीवर बसले! झाडाने आबांना पाहिलं, त्याची पानं सळसळली, आणि तेच वाक्य त्याने असं खणखणीत म्हटलं की वाटसरू एक पाऊल मागे सरला. टाळ्याच टाळ्या! आजींना काही दिसलं नाही, पण सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

संध्याकाळी दोघं गाडी न्यायला गेले. मिशीवाल्यांची गाडी निघून गेली होती. निळ्या गाडीच्या वायपरखाली दोन कागद होते. एक दंडाची पावती. दुसरं ते तिकीट, मुदत नुकतीच संपलेलं. त्याच्या पाठीवर वाकड्यातिकड्या, डोळे मिटून काढल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'उपयोग झाला. गाडी मुलगा नेतोय. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं बरं नव्हे, म्हणून परत करतो. आभारी आहे.'

आजींना आता लख्ख दिसू लागलं होतं. त्यांनी दोन्ही कागद वाचले, शेजारी शेजारी धरले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "परस्पर दिलं. मुदत उलटल्यावर परत आलं. आता हा दंड कुणी भरायचा हो?"

आबांनी खिशातून पाकीट काढलं.

"ज्याच्या नावावर घेतलंय त्याने," ते म्हणाले.