तिसऱ्या मजल्यावरची भिंत आणि माझी टाच

आधीच सांगून ठेवतो, दुखण्याला भिणारा माणूस मी नव्हे! सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ थेट मस्तकात जायची. तरी आठवडाभर मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बायको म्हणते, शेजाऱ्यांनासुद्धा लागला होता. असो.

शेवटी तिनेच मला फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चपला घाला आणि दिवसातून तीनदा पोटऱ्यांना ताण द्या. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीला घट्ट. मोजून तीस सेकंद.

"एवढंच ना? पंधरा दिवसांत टाच ठणठणीत केली नाही तर नाव बदलीन!" मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळेला ऑफिसातल्या तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये एक भक्कम भिंत निवडली, हात टेकले, पाय मागे नेला आणि दातओठ खाऊन जोर लावला. आता मला सांगा, यात कुणाच्या बापाचं काय जात होतं?

सात... आठ... तेवढ्यात शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन आले.

"साहेब, काय झालं?"

"बोलू नका मामा! तीस होईपर्यंत धरून ठेवायचंय!"

"आणि सोडलं तर?"

"मधेच सोडलं तर सगळं मुसळ केरात!"

मामांनी वर पाहिलं. वर रंगाला केसाएवढी चीर होती. ती चीर माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे हो! पण मामांनी ट्रे खाली ठेवला आणि बोंब ठोकली, "धावा! भिंत चालली! साहेबांनी एकट्यानं धरलीय!"

"अहो मामा, टाच..."

"रोवा साहेब, टाच रोवा! हा मी आलोच!" म्हणून त्यांनी भिंतीला खांदा दिला.

बघता बघता आवक-जावकचे पाच जण माझ्या पाठीवर, दंडावर, जागा मिळेल तिथे चिकटले. भिंतीपलीकडे आस्थापना विभाग. तिथे कुणीतरी ओरडलं, "भिंत आपल्या अंगावर येतेय!" मग काय, तिकडूनही आठ जण भिडले! दोन्हीकडून असा रेटा की लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानाला नसेल. भिंत जागची हलली नाही. त्यांच्या बाजूचं फायलींचं रॅक मात्र धडाड्दिशी कोसळलं.

तो आवाज ऐकून मोठे साहेब केबिनबाहेर आले. "सगळे खाली! लिफ्ट वापरू नका!"

म्हणजे ज्या टाचेला आराम द्यायचा, तीच घेऊन मी तीन मजले उतरलो! शिवाय खाली दोन तास दगडासारख्या फरसबंदीवर उभा! भेटेल त्याला सांगत होतो, "अहो, मी व्यायाम करत होतो!" त्यावर टायपिस्टबाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती हा साधेपणा! एवढी भिंत पेलली आणि म्हणे व्यायाम!"

मग इंजिनिअर आला. त्याने भिंतीवर चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हिला हत्ती बांधा, काही होणार नाही." त्याबरोबर शंभर डोळे माझ्याकडे वळले. टायपिस्टबाईंचे आत्ताच पुसलेले दोनसुद्धा!

पण खरी आग पुढे आहे. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना मिळालं दक्षतेबद्दल प्रशस्तिपत्र. आणि मला? मेमो! 'कार्यालयीन वेळेत भिंत ढकलण्याचे कारण काय, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' बावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी कुणाची खुर्चीसुद्धा ढकलली नाही!

घरी येऊन बायकोपुढे तावातावाने सगळं ओकलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नेमकं करत काय होतात, दाखवा तरी."

मी स्वयंपाकघराच्या भिंतीला हात टेकून साग्रसंगीत दाखवलं.

"दुखते कुठली टाच?"

"उजवी! दहादा सांगितलंय!"

"मग मागे डावा पाय कशाला नेलाय? दुखरा पाय मागे घ्या, असं बाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं."

खुलासा मी दोन पानी, अत्यंत कडक शब्दांत लिहिलाय. हे एवढं त्यात घातलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.