सध्याची नोकरी: संपावर

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दत्ताराम परब यांचा अर्ज खिडकीतून परत आला. अर्ज बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा होता. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. परबांचं वय अठ्ठावन्न.

परब लालबागला आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. खिशात कायम ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का हे पाहायचं दोरीला बांधलेलं पितळी वजन. कोणाच्याही घरी गेले की चहाआधी ते तो दाराच्या चौकटीला लावतात आणि म्हणतात, "पाव इंच पडलीय." माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचे चारही खांब तपासले. दोन पुन्हा रोवायला लावले.

मूळचे ते गिरणीच्या विणखात्यातले. ब्याऐंशीच्या संपात घरी बसले, मग इमारतींच्या साइटवर रोजंदारीला लागले आणि मुकादम झाले. चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डरचा इंजिनीअर त्यांना म्हणाला, "काका, टेक्निकल गोष्टी तुम्हाला नाही कळायच्या." परब दुसऱ्या दिवशी प्रवेशाची माहितीपुस्तिका घेऊन आले.

कोणत्याही शाखेची पदवी हवी होती. ती त्यांनी पन्नाशीत बाहेरून परीक्षा देऊन घेतली होती. साइटवरचा अनुभव पाच वर्षांचा मागितला होता. त्यांच्याकडे वीस वर्षांचे दाखले होते. शिफारसपत्रं दोन. एक मी दिलं.

अडलं ते नोकरीच्या रकान्यात. तिथे त्यांनी लिहिलं होतं: 'विणकर. सध्या संपावर.'

"नोकरी चालू असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं, काका," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"मालकानं गिरणी विकली."

"मग नोकरी नाही, असं लिहा."

"असं कसं लिहू? संप मागे घेतला कोणी?"

"तेव्हा माझा जन्मही नव्हता."

"म्हणून तर सांगतोय."

संध्याकाळी मी म्हटलं, एक ओळ खोडायची, विषय संपला. परबांनी मान हलवली. शेजारशेजारच्या साच्यांवरचे, म्हणजे मागांवरचे, ते चौघे गिरणीच्या गेटवर ठरवून बाहेर पडले होते. कामावर परतायचं तर चौघांनी, सोडायचं तरी चौघांनी.

"तां माझ्या एकट्याचा नाय," ते म्हणाले. "खोडूचा नाय. नोकरी सोडूचीच झाली तर रीतसर सोडूची."

शुक्रवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी बरोबर होतो. गिरणीच्या जागी आता टॉवर आहे. वॉचमननं विचारलं, "किससे मिलना है?"

"विणखातं."

"कौन सा माला?"

"तळमजला."

वॉचमननं यादी दोनदा पाहिली आणि रजिस्टर पुढे केलं. कामाच्या रकान्यात परबांनी 'राजीनामा' लिहिलं. पाकीट वॉचमनच्या हातात दिलं आणि नकलेवर त्याची सही घेतली. मग गेटच्या खांबाला ओळंबा लावला, दोरी स्थिर होईपर्यंत थांबले.

"सरळ आहे," म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी त्यांनी ना-हरकत पत्राच्या जागी ती नक्कल जोडली. मुलीनं ती उभ्यानं वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली. नोकरी सोडण्याचं कारण असं दिलं होतं: 'बरोबरचे गावडे, तांबे आणि इस्माईल वारले. एकट्यानं संप चालवता येत नाही.'

अर्जावर चार वाजून चाळीस मिनिटांनी शिक्का बसला.