मुंग्यांनी टाळलेली वाइन

एका जंगलात, मुलांनो, वाइनचा एक थेंब दगडावर सांडला आणि त्याला मुंग्या लागल्या नाहीत.

एवढंच झालं. यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही लहान आहात. तुम्हाला अजून सगळ्याच गोष्टींना घाबरता येत नाही. टिटवीला येत होतं. ती नदीपलीकडच्या महाविद्यालयात शिकली होती. धोका कसा ओळखावा, यात तिने पदवी घेतली होती. ओळखल्यावर काय करावं, ते पुढच्या वर्षाला होतं. त्या वर्षी तिचं लग्न झालं.

तर मुंग्यांची रांग थेंबाजवळ आली. पुढच्या मुंगीने मिशा हलवल्या. मागच्या मुंगीला काहीतरी सांगितलं. मग सगळी रांग वळसा घालून पलीकडे निघून गेली.

टिटवी थेंबापासून दोन पावलं मागे सरकली.

आता वाइन म्हणजे काय, ते आईला विचारू नका. बाबांना तर मुळीच नको. मीच सांगते. डोंगरापलीकडे अस्वलं राहायची. ती द्राक्षं मुरवून वाइन करायची. फार चांगली करायची, पण एका बाटलीला मधाचं आख्खं पोळं मागायची. एकट्यादुकट्याला ते परवडेना. म्हणून जंगलातल्या पाचजणांनी मिळून एक रसिक मंडळ काढलं. प्रत्येकाने हिंडायचं, हुडकायचं, घासाघीस करून एखादी बरी बाटली स्वस्तात आणायची. बाजाराच्या दिवशी उन्हं कलली की माळावर बसून सगळ्यांनी ती चाखायची. चांगली निघाली तर आणणाऱ्याची पाठ थोपटायची. वाईट निघाली तरी संपवायची.

माळ टिटवीचा होता. म्हणजे सातबारा तिच्या नावावर नव्हता, पण तिची अंडी तिथे उघड्यावर पडलेली होती. टिटव्या घरटं बांधत नाहीत. चार खडे इकडेतिकडे सरकवतात आणि जिवाला घोर लावून घेतात.

मंडळाचा अध्यक्ष रानडुक्कर होता. नाक सगळ्यांत मोठं, म्हणून. वाइन समोर आली की अध्यक्ष तिच्यात नाक घालायचे, बराच वेळ बाहेर काढायचे नाहीत, आणि मग म्हणायचे, "ओली माती." दर वेळी ओली मातीच. साहेब, नाक धुवून येत जा, असं त्यांना कोणी म्हणत नसे. वानराला सगळे सर म्हणत. सरांना प्रत्येक वाइनमध्ये केळं लागे. मुंगसाबाईंना शेवटी शेवटी किंचित साप लागे. ससोबा आधीचा जे बोलेल त्याला "अगदी, अगदी" म्हणत. आणि पाचवा टिटवीचा नवरा, टिटवा. एकदा त्याने अर्ध्या पोळ्यात अशी बाटली मिळवली होती, की अध्यक्ष ओली माती म्हणायचं विसरले. तेव्हापासून टिटवा चारचौघांत एका पायावर उभा राहून बोलायचा.

मंडळाचे दोन रिवाज होते. ते नीट लक्षात ठेवा.

एक, प्रत्येकाची आपापली करवंटी. घरी जाताना ती माळावरच्या बाभळीला टांगून जायची.

दुसरा, पहिला घोट डोळे मिटून घ्यायचा. बाटली पळसाच्या पानांत गुंडाळलेली असे, तरीही डोळे मिटायचे. डोळ्यांना भाव दिसतो आणि जीभ लाचार होते, असं अध्यक्षांचं म्हणणं. अध्यक्ष "हं" म्हणेपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत.

टिटवीला डोळे मिटायला जमत नसे. मिटले की पापण्यांच्या आतसुद्धा काहीतरी हलतंय असं वाटे. पण ती काही सभासद नव्हती. ती आपली बाजूला अंड्यांवर बसायची.

त्या दिवशीची बाटली तरसाने आणली होती. तरस नुकताच या धंद्यात पडला होता. फार चांगला स्वभाव. कोणी काही बोललं की हसायचा. नाही बोललं तरी हसायचा. ज्याच्या विनोदाला घरी कोणी हसत नाही, त्याला असा दुकानदार देवमाणूस वाटतो. आणि बाटली फक्त चार बोरांना. शिवाय घरपोच, आणि तरस स्वतः येऊन वाढणार.

अध्यक्षांनी विचारलं, इतकी स्वस्त कशी देता?

"मधले दलाल काढून टाकले, साहेब," तरस म्हणाला. "थेट रसिकांपर्यंत येतो."

"मग तुम्हाला काय राहतं?"

"पोटापुरतं सुटतं."

सगळ्यांना फार भरून आलं.

बाटलीत डबक्याचं पाणी होतं. त्यात खैराचा कात कालवला होता. अध्यक्षांनी ओली माती सांगितली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बरोबर निघाली. वानर सर म्हणाले की ही तुरट आहे, आणि तुरटपणा हे वाइन वयात आल्याचं लक्षण आहे. ससोबा डोळे मिटूनच अगदी अगदी म्हणाले. ते त्यांचं शेवटचं अगदी.

कारण त्या संध्याकाळी बाभळीला चारच करवंट्या होत्या. पाचवी गवतात पडली होती. ससोबांची. तिच्यातून गळालेला थेंब दगडावर, आणि मुंग्या वळसा घालून चाललेल्या.

टिटवी नवऱ्याला म्हणाली, "अहो, याला मुंग्या का नाही लागल्या?"

"ड्राय असेल," टिटवा म्हणाला.

"ड्राय म्हणजे?"

"ज्याला मुंग्या लागत नाहीत ती."

"आणि ससोबा?"

टिटव्याने सांगितलं की ससोबांना दुसरं मंडळ मिळालं असणार. ते कोणालाही अगदी म्हणतात.

पुढच्या बाजारी ससोबा आले नाहीत. मंडळाने दोन मिनिटं हळहळ व्यक्त केली. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या वाट्याला घोट वाढला आहे. चार बोरांत एवढा मोठा घोट, म्हणजे बाटली आणखीच स्वस्त पडली. अध्यक्ष म्हणाले, "डोळे." सगळ्यांनी मिटले.

टिटवीचे उघडे होते. तिने पाहिलं ते असं. तरसाने बाटली खाली ठेवली. तो मुंगसाबाईंच्या मागे गेला. एका हाताने त्यांची करवंटी धरली, दुसऱ्या हाताने पोतं धरलं, आणि बाई पोत्यात गेल्या. करवंटीतला थेंबसुद्धा सांडला नाही. कामात फार नेटका होता.

टिटवी ओरडली. अशी ओरडली, की माळावरचे खडे शहारले.

"शांतता," अध्यक्ष डोळे न उघडता म्हणाले. "पहिला घोट आहे."

(दाराला कडी आहे ना रे? कोणीतरी बघून या. मी थांबते.)

अध्यक्षांनी सावकाश घोट घोळवला, गिळला, आणि "हं" म्हटलं. तेव्हा टिटवीने सगळं सांगितलं.

"तुम्ही पाहिलंत?" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे डोळे उघडे होते?"

"हो."

"चाखणी चालू असताना?"

झालं. पोत्याचा विषय तिथेच संपला आणि डोळ्यांचा सुरू झाला. उघड्या डोळ्यांनी पाहिलेली कोणतीही गोष्ट मंडळ धरत नाही, असं ठरलं. वानर सरांनी ते अधिक सोपं करून सांगितलं. उघड्या डोळ्यांनी पाहणारा आधीच मत बनवून बसलेला असतो. आपण स्वतः डोळे मिटून बसलो होतो आणि आपल्याला बाई कुठेही जाताना दिसल्या नाहीत.

एवढ्यात पोत्यातून मुंगसाबाईंचा आवाज आला. या वेळी शेवटी साप लागत नाहीये, असं त्या म्हणत होत्या. दुसरंच काहीतरी लागतंय.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. "बाई उपस्थित आहेत."

टिटवा दोन्ही पायांवर उभा राहून जमिनीकडे बघत होता. बायकोने चारचौघांत डोळे उघडे ठेवावेत, याची त्याला फार लाज वाटली.

तरस तेवढा टिटवीच्या बाजूने बोलला. "असू दे, साहेब," तो म्हणाला. "वहिनींची नजर चांगली आहे. अशी माणसं जंगलाला हवीत." आणि हसला. किती मोठ्या मनाचा, असं सगळ्यांना वाटलं. त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि पुढच्या बाजारी याहून चांगली बाटली आणायचं कबूल केलं.

घरी, म्हणजे त्याच माळावर चार पावलं पलीकडे, टिटवा म्हणाला, "अगं, तू ओरडत जाऊ नकोस. लोक मला विचारतात, वहिनींना बरं नाही का."

"अहो, ते एकेकाला नेतायत."

"चार बोरांत नेतायत," टिटवा म्हणाला. "अस्वलांनी पोळं घेतलं असतं."

पुढच्या खेपेला वानर सर गेले. जाताना पोत्यातून त्यांनी तुरटपणावर आणखी दोन मुद्दे मांडले. आता उरले अध्यक्ष आणि टिटवा. दोघांत एक बाटली. अध्यक्ष खूश होते. म्हणाले, गर्दी गळाली, आता खरे जाणकार तेवढे राहिले. टिटवा पुन्हा एका पायावर उभा राहू लागला.

तरस बाटली बंद करता करता थांबला. म्हणाला, साहेब, एक सुचवू का? वाइन आपली उत्तमच आहे. पण नुसती पिणं बरं नाही. सोबत काहीतरी चखणा हवा. या बाटलीबरोबर अंडं फार छान जातं. ताजं हवं. बाजारातलं नको, इथलंच, मातीतलं.

अध्यक्षांनी माळावर नजर फिरवली. नजर टिटवीच्या पोटाखाली येऊन थांबली.

मुलांनो, आता टिटवा काय म्हणाला असेल? तुमचे बाबा काय म्हणाले असते? ते राहू द्या. टिटव्याने उचललेला पाय खाली ठेवला. मग म्हणाला, "चार आहेत." मग म्हणाला, "म्हणजे, सगळी लागणार नाहीत."

दुसऱ्याच दिवशी खास बैठक ठरली.

टिटवीला अंडी उचलून नेता येत नव्हती. चोचीत मावत नाहीत, पंखांत धरता येत नाहीत. तिच्याकडे फक्त आवाज होता. दिवस उगवताच ती उभी राहिली आणि हाक मारू लागली.

हरणांनी कान फिरवले. टिटवी ओरडतेय, म्हणजे दिवस नेहमीसारखा आहे, असं म्हणून ती चरायला गेली. मोराने निरोप पाठवला की वरचा स्वर जरा बेसूर लागतोय. रानकोंबडीने सांगितलं, अगं, माझी तर दरवर्षी जातात, मी बोलते का?

मग टिटवीने वाघाच्या कचेरीकडे तोंड करून हाक मारली. कचेरीच्या फांदीवर पोपट बसवला होता. पोपट म्हणाला, "आपली हाक आमच्यासाठी मोलाची आहे. सापासाठी एकदा ओरडा. वणव्यासाठी दोनदा ओरडा. शिकाऱ्यासाठी तीनदा ओरडा. इतर सर्व तक्रारींसाठी कृपया ओरडत राहा."

टिटवी ओरडत राहिली. मधूनमधून पोपट सांगत होता की तिच्या पुढे रांगेत एक हरीण आहे. त्या हरणाला वाघाने खाऊन आठवडा झाला होता, पण रांग म्हणजे रांग.

उन्हं कलली. अध्यक्ष आले. पळसाच्या पानात तिखटमीठ घेऊन आले. टिटवा आला, पण बायकोच्या बाजूने न येता लांबून, बाभळीकडून आला. तरस आला. बाटली पानांत गुंडाळलेली होती. पोतं आज मोठं होतं.

"अहो, आज तरी डोळे उघडे ठेवा," टिटवी म्हणाली. "माझ्यासाठी नको. यांच्यासाठी."

टिटव्याने अंड्यांकडे पाहिलं. खरंच पाहिलं, हे मी मुद्दाम सांगते. त्याचा एक डोळा अगदी उघडा राहायच्या बेतात होता. पण अध्यक्ष म्हणाले, "डोळे," आणि इतक्या दिवसांची सवय. दोघांनीही मिटले.

टिटवी "हं"ची वाट बघत होती. ओरडत होती आणि वाट बघत होती. "हं" काही आलं नाही. पोत्याचा आवाज झाला. मग आणखी एकदा झाला, या वेळी लहान. मग दोन करवंट्या बाभळीला व्यवस्थित टांगल्या गेल्या. तरसाला रिवाज आता पाठ झाले होते.

माळावर आता मंडळ उरलं नव्हतं. मुंग्या तेवढ्या चालल्या होत्या, लांबून.

टिटवीने अंडी पोटाखाली ओढली. पंख पसरले. आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, तिने घट्ट डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून हाक मारली. हरणांना ऐकू गेली. मोराला गेली. पोपट म्हणाला, मोलाची आहे.

मग कोणीतरी ओ दिली.

अगदी जवळून दिली. प्रेमाने दिली.

"ओ, वहिनी," आवाज हसत म्हणाला. "आलो, आलो. कितीजणं आहात?"

तात्पर्य : संकटात न थकता हाक मारत राहावं, कोणी ना कोणी ओ देतोच. आणि मुलांनो, स्वस्त वस्तूवर उगाच शंका घेऊ नये. मुंग्यांनी घेतली, त्यांना एक थेंबही चाखायला मिळाला नाही.